आधी नाव वाच

उज्ज्वला, तुझ्या श्रद्धांजलीच्या ग्रुपवर मी भांडण काढलं. तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. वर तुझा हिरव्या साडीतला फोटो, खाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग, आणि त्या रांगेत मधेच मी लिहिलं, "ही फाइल कुणीही उघडू नका. ज्यांनी उघडली असेल त्यांनी मला ताबडतोब फोन करा." मग एकीने लिहिलं, "मेधाताई, ही वेळ आहे का?" मला इतका राग आला की फोन सोफ्यावर फेकून दिला. तू असतीस तर शांतपणे उत्तर लिहिलं असतंस. मला ते कधी जमलं नाही.

सगळं क्रमाने सांगते. तुला क्रमानेच लागायचं. मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू केली की तू हात वर करून थांबवायचीस. "मेधा, आधी कोण ते सांग, मग काय ते सांग." तुझ्यासमोर साधी चुगली करायची म्हटली तरी पोलिसात जबाब दिल्यासारखं वाटायचं.

आणि आपल्या भांडणाची सुरुवात आठवते का तुला? मला काल दिवसभर तीच आठवत होती. आपण तेव्हा दुबईच्या करामा भागात शेजारी होतो, दोघीही लग्न होऊन नव्याने आलेल्या. दिवाळी करून मी पुण्याहून परत निघणार होते, आणि आदल्या दिवशी तुझा फोन आला. मला वाटलं काहीतरी आणायला सांगतेस.

"बॅगेत काय काय आहे?"

"फराळ. आईने स्वतः बांधून दिलाय. डब्याला सगळीकडून टेप मारून वर माझं नावसुद्धा घातलंय."

"उघडून बघ."

"अगं, आईने बांधलाय म्हणते ना!"

"आईने बांधलाय हे कळलं मला. आत काय आहे ते विचारतेय."

मी चरफडत टेप कापली. आत अनारसे होते, एकेका अनारशावर खसखशीचा जाड थर. इथे खसखस आणायला बंदी आहे, सापडली तर विमानतळावरूनच पोलीस घेऊन जातात, हे मला ठाऊक नव्हतं. आईला तर कुठून असणार? तिने बिचारीने पहाटे उठून तळले होते. अनारसे शेजारी वाटून टाकले आणि माझं विमान सुखरूप उतरलं. पण टेप कापताना आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं तोंड इतकंसं झालं होतं.

मी परत आल्याबरोबर तुझ्याशी भांडले. म्हटलं, तुझं बरोबर होतं, तुरुंग टळला, सगळं कबूल, पण आईच्या हातचा डबा असा तपासायचा म्हणजे तिच्यावर अविश्वासच की. तू म्हणालीस, "अविश्वास कशाला? आईवर विश्वास आहे म्हणून तर तिला विचारता येतं, यात काय घातलंयस. अनोळखी माणसाचा डबा असता तर मी उघडसुद्धा म्हटलं नसतं, तिथेच ठेव म्हटलं असतं." मला ते पटलं नाही. पटलं नाही ते नाहीच. पुढे आपण दोघी शारजाला अल मजाजमध्ये आलो, एकाच इमारतीत, मी वर आणि तू दोन मजले खाली. मुलं झाली, केस पिकले, तरी तो वाद चालूच राहिला. दर दिवाळीला कुणाचं ना कुणाचं पार्सल यायचं आणि आपण नव्याने सुरू व्हायचो. तुझा नवरा सुहास म्हणायचा, या दोघींचे अनारसे काही पचत नाहीत.

तुझं कामच तसलं होतं म्हणा. इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सुट्या भागांचं ते भलंमोठं गोदाम, आणि तिथले सगळे कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात. एकदा मी तुला न्यायला आले होते तेव्हा पाहिलं. तुझा सेल्समन घाईला आलेला. "मॅडम, यल्ला, नया प्रिंटर का सॉफ्टवेअर है, डाल दो ना, कस्टमर खडा है." तू ढिम्म. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिजिटल सिग्नेचरचं पान. कॉम्प्युटर स्वतः सांगत होता की सही ठीक आहे. तो म्हणाला, "देखो, ओके बोल रहा है." तू चष्मा कपाळावर सरकवून सही करणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलंस, वाण्याकडची चिठ्ठी वाचावी तसं. मग मेलमधल्या लिंकला हात न लावता प्रिंटरच्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे गेलीस आणि तेच नाव आहे का ते पाहिलंस. तेच होतं. तेव्हा कुठे 'येस' दाबलंस. कस्टमर तोपर्यंत चहा पिऊन आला होता.

गाडीत मी विचारलं, "कॉम्प्युटर ओके म्हणाला, तरी तुझं समाधान नाही?"

"कॉम्प्युटर काय म्हणाला ते नीट ऐकलंस का? तो म्हणाला, डब्यावरचं नाव खरं आहे आणि टेप शाबूत आहे. म्हणजे ज्याने दिला त्यानेच दिला, आणि वाटेत कुणी हात घातला नाही. बस. आत खसखस आहे की नाही, हे टेप कसं सांगेल?"

"मग त्या सहीचा उपयोग काय?"

"कुणाला विचारायचं ते कळतं. सहीच नसली तर विचारणार कुणाला? आणि सही असली आणि नावच ओळखीचं नसलं, तर त्या ओकेचं करायचं काय?"

मी म्हटलं, परत अनारशांवर आलीस. तू हसलीस आणि सिग्नल सुटला.

आता 'बोलकी अक्षरं'बद्दल. एका वर्षी इथल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात शिकवताना मी अगदी टेकीला आले होते. मुलं 'ळ' म्हणायला तयार नाहीत, मी मराठीत विचारावं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं. तुझी इरा त्यात सगळ्यात पुढे. ते मी तुझ्यापाशी रडले, आणि तू घरी बसून मुलांसाठी तो छोटासा प्रोग्रॅम केलास. अक्षरावर बोट ठेवलं की आवाज यायचा. आवाज तुझा. सुहास म्हणाला होता, एखाद्या छान आवाजाच्या बाईकडून म्हणवून घे, आणि तू त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस.

प्रोग्रॅम तयार झाला तरी देईनास. का, तर तुझी सही नाही त्यावर. मी कपाळावर हात मारला. "पोरांच्या क ख ग ला कसली गं कायदेशीर सही? पालकांना सांगूया, वॉर्निंग येईल, तरी येस दाबा." तेव्हा तू खरंच रागावलीस. तुला रागावलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. म्हणालीस, "वॉर्निंग आली तरी येस दाबा, हे मी कुणाला शिकवणार नाही. एकदा सवय लागली की उद्या चोर आला तरी लोक येसच दाबतील." मग सहीचं सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला ओळखीची कागदपत्रं पाठव, त्यांचे फोन घे, असं सगळं करून एक दिवस कुरिअरने ती छोटी काडी आली, पेनड्राइव्हसारखी. ती लावून आणि तिचा गुप्त नंबर टाकूनच सही होणार. नंबर फक्त तुझ्या डोक्यात. "म्हणजे माझ्या नावाने दुसरं कुणी काही देऊ शकणार नाही," तू म्हणालीस. मी म्हटलं, तुझ्या नावाने कोण कशाला काय देतंय बाई!

आणि वर्गात तू नियम घालून दिलास. प्रोग्रॅम लावताना निळी चौकट येते, तिच्यात देणाऱ्याचं नाव असतं. ते नाव सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं आणि मगच 'येस'. मुलं तुझं नाव आरतीच्या चालीवर ओरडायची. इरा लाजून टेबलाखाली जायची.

एवढी तू चौकस. कुणाचीही कुठलीही फाइल उलटीपालटी करून बघणारी. मग स्वतःच्या छातीत दुखत होतं तेव्हा "ॲसिडिटी आहे गं" यावर कशी विसंबलीस? कुणी सांगितलं होतं तुला ॲसिडिटी म्हणून? नाव तरी विचारायचंस! मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, उज्ज्वला. सगळे इथे तुझं कौतुक लिहितात, मीही लिहीन, पण आधी हे लिहून टाकते. सुहासने तुला अंत्यसंस्कारासाठी नाशिकला नेलं. कागदपत्रांच्या गडबडीत मला तुला नीट बघताही आलं नाही. घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "माझे अनारसे अडवणारी गेली का गं?" मग आम्ही दोघी रडलो. तिने तुला कधीच माफ केलं होतं, बहुतेक त्याच संध्याकाळी. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मग माझी बाजू लंगडी पडली असती.

तू गेल्यावर तुझा लॅपटॉप ऑफिसचा म्हणून ऑफिसने परत नेला. नियमच आहे तसा, कुणाची चूक नाही. तो प्रोग्रॅम ठेवलेली मंडळाची वेबसाइट मागेच बंद पडलेली. त्यामुळे 'बोलकी अक्षरं' कुणाकडेच राहिलं नाही असं सगळ्यांना वाटलं. आणि तुझे फोटो कितीतरी आहेत, पण तुझा आवाज? तू व्हॉइस मेसेज पाठवायची नाहीस, "लिहिलेलं बरं, नंतर वाचता येतं" म्हणायचीस. इरा सगळ्यांना विचारत होती, कुणाकडे मम्माचा आवाज आहे का.

ते परांजपे काकांनी ऐकलं. करामातले आपले काका, गणपतीत पावत्या फाडणारे. शनिवारी सकाळी त्यांनी ग्रुपवर एक लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "आपल्या लाडक्या उज्ज्वलाचे 'बोलकी अक्षरं' अखेर सापडले. प्रत्येकाने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर घ्यावे, हीच तिला खरी श्रद्धांजली." धडाधड हात जोडले गेले. "घेतो काका." "डोळ्यांत पाणी आलं काका." तुझ्यासाठी कुणी झाड लावलं नाही, कुणी अन्नदान केलं नाही, आपल्या लोकांनी श्रद्धांजली म्हणून सॉफ्टवेअर डाउनलोड करायला घेतलं! तुला हसू आलं असतं. मलाही आलं असतं, पण मीसुद्धा त्याच रांगेत होते. फाइल उतरवली, उघडली, निळी चौकट आली, आणि सवयीने तोंड उघडलं तुझं नाव वाचायला.

तुझं नाव नव्हतं. कुठल्यातरी कंपनीचं नाव होतं, कधी न ऐकलेलं. मी 'नो' दाबलं, तू करायचीस तसं प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघितलं. सही चोख होती. ठीक आहे म्हणे. नाव मात्र परक्याचं. डबा तुझा म्हणून दिलेला, टेप नवी, आणि टेपेवर भलत्याचाच शिक्का.

मी तो मेसेज टाकला तो तेव्हा. मग काकांना फोन लावला.

"अगं मेधा, मी काय चुकीचं केलं? नेटवर सर्च मारला, पहिलंच आलं. डाउनलोडचं एवढं मोठं बटन. मी स्वतः आधी टाकून बघितलं, तसं नाही दिलं. व्हेरिफाइड पब्लिशर म्हणाला तो!"

"काका, पब्लिशरचं नाव काय होतं?"

"नाव कोण वाचतं गं?"

"टाकल्यावर उज्ज्वलाचा आवाज आला?"

काका हळूच म्हणाले, "नाही आला. मला वाटलं आमचा स्पीकर गेला. पण सकाळपासून नुसत्या जाहिराती येतायत, बंदच होत नाहीत." असल्या फुकट डाउनलोडच्या साइट दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला स्वतःचं वेष्टण घालतात आणि वेष्टणावर स्वतःची सही करतात, हे तू मला पूर्वी सांगितलं होतंस. मी काकांना म्हटलं, कॉम्प्युटर इंटरनेटवरून काढा, त्यावरून बँकेत जाऊ नका, मी कुणालातरी पाठवते. "खलास, मी लिंक डिलीट करतो," काका म्हणाले. "पोरीला आवाज मिळावा एवढंच होतं गं माझ्या मनात." मला आईचं ते स्वयंपाकघराच्या दारातलं तोंड आठवलं. हेच, उज्ज्वला, हेच मी इतकी वर्षं तुला सांगत होते. बरोबर असूनही माणूस दुखावतोच. तुझ्याकडे यावर काय उत्तर होतं? मी परत म्हटलं, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. म्हणून तर तुम्हाला फोन केला." म्हटल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही.

तेवढ्यात इराचा मेसेज आला. इंग्रजीत, एवढाच, "आंटी, व्हाय नॉट?"

मी तशीच दोन मजले उतरले. दार सुहासने उघडलं. तो नुसता बाजूला झाला. इरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेली, मागे खिडकीत लगूनचं पाणी उन्हाने पांढरं झालेलं. तिच्यासमोर तीच निळी चौकट होती. बोट 'येस'वर.

"इरा, थांब."

"इट सेज व्हेरिफाइड, आंटी."

"नाव वाच."

"आय डोन्ट केअर! आय जस्ट वॉन्ट टू हिअर हर."

काय सांगू तुला, त्या क्षणी मलाच वाटलं, दाबू दे. त्या लॅपटॉपवर तिचे कॉलेजचे अर्ज आहेत, सुहासच्या बँकेचं सगळं आहे, तुझे सगळे फोटो आहेत. तरीही वाटलं. आई गेलेल्या मुलीच्या हातावर हात ठेवून 'नको' म्हणणं मला जमणारं नव्हतं. पण ठेवला. म्हटलं, "त्यात मम्मा नाहीये, बाळा. मम्माचं नाव नाही त्यावर." तिने चौकटीकडे पाहिलं. ओठ हलले. मग 'नो' दाबून लॅपटॉपवर डोकं ठेवून रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच, सुहास नंतर म्हणाला.

मी वर जाऊन वर्गाची पिशवी घेऊन आले. खडू, फळा पुसायचं फडकं, आणि तळाशी तुझा तो लाल पेनड्राइव्ह, तू मला वर्गासाठी दिलेला. इतके दिवस मी तो बाहेर काढला नव्हता. सगळे शोधत होते आणि मी गप्प होते, कारण तो आवाज ऐकायची माझीच हिंमत नव्हती. शेवटी तो इराच्या पुढे ठेवला. तिने घाईने लावला आणि तुझीच लेक ती, फाइल उघडण्याआधी राइट क्लिक केलं.

"आंटी, मम्माज नेम. सिग्नेचर इज ओके." मग तपशिलात गेली आणि तिचा चेहरा पडला. "बट द सर्टिफिकेट इज एक्स्पायर्ड. आता ते व्हॅलिड नाही ना?"

एवढं मात्र मला येत होतं, कारण हाच प्रश्न मी तुला विचारला होता, आणि तू भाजी निवडता निवडता सांगितलं होतंस. "सहीबरोबर वेळेचा शिक्का असतो, तो बघ," मी म्हटलं. "ज्या दिवशी मम्माने सही केली त्या दिवशी तिचं सर्टिफिकेट चालू होतं. मग पुढे मुदत संपली तरी केलेली सही खरीच राहते. फक्त आता तिच्या नावाने नवीन काही निघणार नाही."

इरा बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिली. सुहास खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला होता. मग तिने फाइल उघडली. निळी चौकट आली. तिने तुझं पूर्ण नाव वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. टेबलाखाली गेली नाही. आणि 'येस' दाबलं.

सुरुवातीचं मी साफ विसरले होते, उज्ज्वला. अक्षरं यायच्या आधी तू पोरांशी बोलतेस ते. जरा खरखर झाली आणि तू आलीस, आपल्या नेहमीच्या तपासणीच्या सुरात, थोडी सर्दी झालेली.

"कोण आलंय? आधी नाव सांग, मग आत ये."

पडद्यावर रिकामी जागा लुकलुकत होती. इराने की-बोर्डवर मराठी अक्षरं शोधली. आधी इ, मग बऱ्याच वेळाने रा. आणि मग ती पडद्याला म्हणाली, मराठीत, "मी आहे, मम्मा."